आजी खरंच खूश आहे का? लेकीला पत्र

सलाम बेटा,

तुझा व्हॉइस मेसेज इथं डब्लिनला ड्युटी संपल्यावर बसमध्ये ऐकला. उत्तर बोलून नीट देता येणार नाही म्हणून टाइप करतेय, लांब होईल, मामाला सोबत बसव, जिथं अडेल तिथं तो सांगेल. तू विचारलंस की आजीचा अर्धा कापूस पावसात भिजला, गुडघे दुखतात, पैशाची ओढाताण आहे, तरी ती पहाटे चुलीपुढे गाणं म्हणते, मग ती खरंच खूश आहे की आपल्याला बरं वाटावं म्हणून तसं दाखवते? आणि दुसरं, आपण मराठी ख्रिश्चन लोक चर्चमध्ये ढोलकी-झांजा घेऊन भजन का म्हणतो, इथं डब्लिनच्या चर्चमध्ये म्हणतात तसं का नाही? मला तर हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात.

आधी मधल्या खोलीत जा अन् कापसाच्या ढिगातून दोन मुठी घे. एक पांढरी, मऊ. दुसरी पिवळट, चिकटलेली, बोटानं सोडवायला गेलं तर सुटत नाही, त्याला कवडी म्हणतात. खरेदी केंद्रावर ओलावा मोजतात, १२ टक्क्यांच्या वर गेला की हमीभावात घेत नाहीत, मग गावातला व्यापारी म्हणेल त्या भावात द्यायचा. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळी आली तेव्हा तर सगळ्या विदर्भातच हाहाकार होता, आपल्या घरी पण. आजीला हे सगळं तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं, बियाणं किती, खत किती, वेचणीची मजुरी किती, तिचा हिशोब बोटांवर असतो. त्यामुळे तिला कळत नाही म्हणून ती गाते असं अजिबात समजू नको.

आणि ती रडते पण. रात्री घरभक्ती झाल्यावर सगळे झोपले की ती खाटेवर बसून एकटी प्रार्थना करते, लहानपणी मी गोधडीतून ऐकायची, आवाज दाटलेला असायचा, मधेच भांडल्यासारखी पण बोलायची. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "मी त्याले सगळंच सांगतो वं माय, त्याच्यापाशी नाही रडाचं तं कोणापाशी रडाचं?" तू बायबलमधलं स्तोत्र १३ काढून वाच, सहाच वचनं आहेत. सुरुवातीला दावीद राजा चार वेळा विचारतो, देवा, कुठवर? आणि शेवटी म्हणतो मी गाईन. मधे त्याची परिस्थिती बदलली असं कुठंच लिहिलेलं नाही. दीडशे स्तोत्रांमधली कितीतरी अशी रडण्याचीच आहेत, म्हणजे देवासमोर नेहमी हसरं तोंड करून जायचं असं बायबल सांगतच नाही.

आजीचं सगळ्यात आवडतं वचन मात्र बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकात, तिसऱ्या अध्यायात आहे, शेवटी शेवटी. साधारण २६०० वर्षांपूर्वीचा माणूस, तो म्हणतो अंजिराला फूल नाही आलं, द्राक्षाला फळ नाही आलं, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. आजी ते म्हणताना अंजिराच्या जागी कापूस अन् द्राक्षाच्या जागी तूर घालते, पास्टर साहेबांसमोर पण तसंच म्हणते आणि ते काही बोलत नाहीत. आता बघ, त्यात "पुढच्या वर्षी पीक येईल म्हणून" असं नाही. देव आहे, तो माझा आहे, एवढंच. प्रेषित पौलानं फिलिप्पै गावच्या मंडळीला सतत आनंद करा असं लिहिलं ते पण कैदेतून. आणि येशूनं शिष्यांना माझा आनंद तुमच्यात राहो म्हटलं ते ज्या रात्री त्याला धरून नेलं त्याच रात्री. मला हे वचन इथं नाइट ड्युटीला फार धरून ठेवतं, कारण जो हे बोलतोय त्याला समोर वधस्तंभ दिसतोय, तो आपल्याला उगाच धीर देत नाहीये. त्यानं आपल्यासाठी जीव दिला आणि तो उठला, हे एकदा मनात पक्कं बसलं की पाऊस कधी पडला यावर ते अवलंबून राहत नाही. आजीच्या मनात ते बसलंय.

म्हणूनच जे कोणी स्टेजवरून सांगतात ना, विश्वास ठेवा म्हणजे कर्ज फिटेल, व्हिसा येईल, त्यांचं मला पटत नाही, आणि तू पण ऐकू नको. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला असं सांगणं हे क्रूर आहे, पीक गेलं तर तो बिचारा समजतो की आपलाच विश्वास कमी पडला.

आता भजनाचं. नारायण वामन टिळक म्हणून मोठे कवी होते, काही वर्षं नागपूरला होते, राजनांदगावला जाताना रेल्वेत एका परदेशी माणसानं त्यांना बायबलचा नवा करार दिला आणि १८९५ मध्ये त्यांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला. घर तुटलं त्यांचं, बायको लक्ष्मीबाई कितीतरी दिवस वेगळ्या राहिल्या, पुढे त्या स्वतः विचार करून ख्रिस्ताकडे आल्या. तर टिळकांचं म्हणणं असं की ख्रिस्ती झालो म्हणून मराठीपण सोडायचं नाही. तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते सांगायचे, आणि मग त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, आजही आपल्या 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकात त्यांची भरपूर गाणी आहेत. आजीला वाचायला फारसं येत नाही, पण ही गाणी तिला तोंडपाठ, कारण निंदताना, वेचताना, दळताना म्हणता येतात. आनंद टिकायचा तर तो असा रोजच्या कामात तोंडात बसावा लागतो, नुसत्या रविवारी पुस्तक उघडून भागत नाही.

फराळाचं पण तसंच बेटा, नाताळात करंज्या-चकल्या आपण शेजारी देतो कारण दिवाळीत त्यांच्याकडून ताट येतं. तू ताटं पोचवायला जा, कोणाकडचं ताट रिकामं परत येणार नाही बघ.

येत्या रविवारी हंगामाचा सण आहे. आजी त्या पांढऱ्या कापसातलाच वाटा देवासाठी काढून ठेवेल, कवडीतला नाही, मामा थोडी कुरकुर करेल. उपासनेनंतर लिलाव असतो, एकच भोपळा चार जण घेतात अन् परत दान करतात, मजा येते. तू पण बोली लाव, पैसे मामाकडे पाठवलेत. आणि तुझा प्रश्न सरळ आजीलाच विचार, तिला राग नाही येणार. ती काय म्हणाली ते मला रेकॉर्ड करून पाठव, आणि गुडघ्याचं मलम रात्री तू लावून दे, ती स्वतः लावत नाही.

तुझी आई