स्कीइंग आणि हायकिंगसाठी एका हटवरून दुसऱ्या हटवर जाता येईल असं ट्रेल नेटवर्क कसं उभं करतात?

कोलोरॅडोतलं टेन्थ माउंटन डिव्हिजन हट नेटवर्क बघा, माझ्या मते शिकायला हेच बेस्ट उदाहरण. फ्रिट्झ बेनेडिक्ट हे ॲस्पेनचे आर्किटेक्ट, दुसऱ्या महायुद्धात याच डिव्हिजनमधे (अमेरिकी सैन्याची डोंगरात, बर्फात लढणारी तुकडी) होते, आल्प्समधे असतात तशा हट्स आपल्याकडेपण हव्यात असं त्यांना वाटायचं. १९८२ मधे पहिल्या दोन हट्स झाल्या, फक्त दोन! पैसा उभा करण्यात रॉबर्ट मॅकनमारांचा (व्हिएतनाम युद्धाच्या वेळचे अमेरिकेचे संरक्षणमंत्री) मोठा हात होता, एका हटला त्यांच्या दिवंगत पत्नीचं नाव आहे. मग हळूहळू वाढत वाढत ॲस्पेन, व्हेल, लेडव्हिलच्या मधला डोंगरपट्टा जोडला गेला.

म्हणून सांगतो, आधी दोनच बांधा आणि नीट चालवून दाखवा. जमीन बहुतेक सरकारी जंगलाची असते, त्यामुळे फॉरेस्टची परवानगी हे पहिलं आणि सगळ्यात वेळखाऊ काम.

अंतर ठरवताना उन्हाळ्यातल्या हायकरचा स्पीड धरू नका प्लीज, जड सॅक घेऊन ताज्या बर्फातून चढताना दहा किमीलापण अख्खा दिवस जाऊ शकतो आणि अंधार लवकर पडतो. रूट हिमस्खलनाच्या उतारांपासून लांबच काढायचा, फेरा पडला तरी चालेल, यात अजिबात तडजोड नको.

हट साधी ठेवा. लाकडाची शेगडी, सोलर दिवे, बंक, बाहेर संडास. हिवाळ्यात पाणी बर्फ वितळवूनच करतात. बुकिंग मात्र आधीच घ्या, थंडीत दमून पोचलेल्याला जागा नाही असं व्हायला नको.