सोमवारच्या पत्राला उत्तर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

चर्चचा धर्मप्रचारक म्हणून तू फिलिपिन्सला गेलास, तिथून घरी लिहिलेलं तुझं सोमवारचं पत्र तुझ्या बाबांनी माझ्याकडे धाडलं. घाईघाईत ‘काविते प्रांत’ मी ‘कविता’ असा वाचला आणि वाटलं, पोरगं फिलिपिन्सला जाऊन कविता करायला लागलं की काय! पुढे वाचलं तर कविता कुठली, सगळा हिशोबच. मंगळवारी डिस्ट्रिक्ट कौन्सिल, म्हणजे तुम्हा प्रचारकांची बैठक. बुधवारी चौदा घरं, त्यातली पाच उघडली. गुरुवारी घोट्याएवढ्या पाण्यातून एका कुटुंबाकडे. शुक्रवारी इंग्रजीचा वर्ग, शनिवारी एक बाप्तिस्मा, रविवारी दोन तास चर्च आणि रात्री आठवड्याचे आकडे वर पाठवले. साडेसहाला उठायचं, साडेदहाला दिवा बंद. शेवटी लिहिलंस, ‘श्वास घ्यायला वेळ नाही.’ त्यात तक्रार कमी आणि फुशारकी जास्त होती. मला ती लगेच ओळखू येते. तीस वर्षं मीही तशीच मारत होतो.

मी औषध कंपनीचा एमआर होतो हे तुला माहीत आहे, पण हा किस्सा माहीत नसेल. परभणी, जिंतूर, हिंगोली हा माझा पट्टा. दिवसाला दहा-अकरा डॉक्टर, पाच-सहा केमिस्ट, आणि रात्री लॉजवर बसून डेली रिपोर्ट भरायचा. कुणाला भेटलो, काय बोलणं झालं, डॉक्टर काय म्हणाले. एका पावसाळ्यात एसटी स्टँडवरच अडकलो, कॉल पुरे होईनात, म्हणून एका डॉक्टरांचं नाव न भेटताच टाकून दिलं. शेरा लिहिला : कफ सिरपमध्ये रस दाखवला, पुढच्या महिन्यापासून लिहितील. पंधरा दिवसांनी एरिया मॅनेजर आले आणि त्यांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. मी ‘भेटलो’ त्याच्या चार दिवस आधी ते डॉक्टर वारले होते.

मॅनेजर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “जिवंत होते तेव्हा तरी भेटला होतास का नीट?” सहा वर्षं दर महिन्याला मी त्यांच्यासमोर बसलो होतो. त्यांना चष्मा होता की नव्हता, ते मला आठवेना.

तू खोटे आकडे भरतोस असं मी म्हणत नाही. तुझे आकडे खरेच असतील, आणि घोळ नेमका तिथेच होतो. आकडा खरा असला की आपल्याला वाटतं, काम झालं. तुझ्या पत्रात चौदा घरं आहेत, पण त्यातल्या एकाही माणसाचा चेहरा नाही. ज्या घरी घोट्याएवढ्या पाण्यातून गेलास ते ‘एक कुटुंब’. ज्याचा बाप्तिस्मा झाला तो ‘एक भाऊ’. अरे, तूच मागे लिहिलं होतंस ना, तिकडे दार वाजवत नाहीत, फाटकाशी उभं राहून ‘ताओ पो!’ अशी हाक देतात, आणि ‘ताओ’ म्हणजे माणूस. म्हणजे दिवसभर तू दारोदार ‘माणूस आलाय हो’ म्हणून ओरडतोस, आणि रात्री वहीत माणूस सोडून सगळं लिहितोस.

आकड्यांवर जायचं तर आपल्या पुण्याचंच उदाहरण घे. १८५०च्या दशकात तुमच्या पंथाचा ह्यू फिंडले नावाचा एक स्कॉटिश माणूस मुंबईत उतरला आणि तिथून पुण्यात आला. लष्करी हद्दीत उपदेश करायला त्याला बंदी झाली. काही वर्षं राबून मोजकेच लोक हाती लागले. मग तो निघून गेला, आणि भारतात तुमचं स्वतंत्र मिशन उभं राहिलं ते १९९३ साली, बंगळुरूला. त्याने दर रविवारी आकडे वर पाठवले असते, तर त्या बिचाऱ्याची बदलीच झाली असती.

(तुम्हाला ‘मॉर्मन’ म्हणायचं नाही, पूर्ण नाव घ्यायचं, हे तुझ्या बाबांनी सांगितलं. २०१८ साली तुमच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी तसा आग्रह धरला म्हणे. ते नाव दोन ओळींचं आहे, म्हणून मी ‘तुमचा पंथ’ लिहितो. आणि विसाव्या वर्षी छातीवर ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारा, अशी पाटी लावून फिरतोस, तेव्हा तुझी आजी हसू दाबते हेही सांगून टाकतो.)

आता चार कामाच्या गोष्टी.

तुमच्या पंथात कॉफी चालत नाही, आणि तिला नाही म्हणताना तुझी फार पंचाईत होते असं लिहिलंस. समोर कप येईपर्यंत थांबू नकोस, तेव्हा नाही म्हटलं की घरच्यांचा अपमान होतो. आपल्याकडे चहाचं तेच आहे. बसल्या बसल्या, त्यांनी काही विचारायच्या आत, स्वतःहून पाणी माग. मागणारा पाहुणा घरचा होतो, नाकारणारा परकाच राहतो. मला अॅसिडिटी झाली तेव्हा सबंध मराठवाडा मी असा पाण्यावर काढला.

तुझ्याबरोबर राहणाऱ्या जोडीदार प्रचारकाबद्दल जास्त लिहीत नाही. चोवीस तास एकमेकांच्या नजरेसमोर राहायचं म्हणजे नवराबायकोचंही निभत नाही, तुमची तर दर सहा आठवड्यांनी बदली होऊ शकते. भांडी कुणी घासायची, हे पहिल्याच दिवशी ठरवा.

आईला व्हिडिओ कॉल करतोस तो तुझ्या सकाळी आठला. इथे तेव्हा साडेपाच वाजलेले असतात. ती पाचला उठून केस विंचरून बसते, हे ती तुला सांगणार नाही. दहाला करत जा. पूर्वी तुमच्या पोरांना वर्षातून दोनदाच घरी बोलता यायचं, २०१९ पासून दर आठवड्याला मुभा मिळाली, तर तिचा नीट उपयोग कर.

आणि ते कुटुंब. तू लिहितोस की थोरली मुलगी बाप्तिस्म्याला ‘हो’ म्हणाली, तारीखही ठरत आली, फक्त आजी कोपऱ्यात सांतो निन्योच्या, म्हणजे बाळ येशूच्या, मूर्तीपाशी बसून असते, बोलत नाही. तुझं ते ‘फक्त’ मला खटकलं. तिकडचे लोक भिडेचे आहेत, तूच सांगितलंस. पाण्यातून आलेल्या पोराला तोंडावर नाही म्हणणं त्यांना जमत नसेल. भिडेचा होकार आणि मनाचा होकार यांतला फरक कळायला मला धंद्यात दहा वर्षं लागली, आणि मी तर नुसतं खोकल्याचं औषध विकत होतो. तारीख पुढे गेली म्हणून तुमचं स्वर्गातलं कुणी रागावेल असं मला वाटत नाही. मी माळकरी घरातला, माझं मत तू सोडून दे. पण आजीचं सोडू नकोस.

तू निघालास त्या दिवशी मी तुमच्याकडेच होतो. तू बाप्तिस्मा घेतल्यापासून तुझी आजी तुझ्याशी धड बोलत नव्हती. टॅक्सी खाली येऊन उभी, बॅगा उतरवलेल्या, आणि ती देवघरातून दह्याची वाटी घेऊन बाहेर आली. काही बोलली नाही. तू क्षणभर वाटीकडे बघितलंस, मग हात पुढे केलास, दही खाल्लंस आणि तळहात चाटून पुसलास, लहानपणी पुसायचास तसाच. त्यानंतर ती जेवली. आदल्या दिवसापासून उपाशी होती.

पुढच्या खेपेला त्या घरी गेलास की पुस्तक पिशवीतच राहू दे. आधी आजीपाशी जा, तिचा हात कपाळाला लाव, तिकडच्या रीतीने. मूर्ती कुणी दिली, कधी आणली, ते विचार. तिला बोलू दे. तुझा तो तास आकड्यात धरला जाणार नाही, नाही तर नाही.

आणि सोमवारी मला तिचं नाव कळव.

तुझा,
काका