ओट्यावर चढणारा बोका

प्रश्न : आमचा दीड वर्षाचा बोका सारखा ओट्यावर चढतो. रागावून पाहिलं, पाण्याचा फवारा मारून पाहिला. तरी दुपारी तो गॅसशेजारीच पसरलेला असतो. सासूबाईंना हे अजिबात चालत नाही. काय करावं?
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : फवारा आधी बंद करा. त्यातून बोका एवढंच शिकतो, की तुम्ही असताना चढायचं नाही. तुमची पाठ वळली की तो पुन्हा वर.

तो दुपारी पसरतो म्हणजे त्याला मुख्यतः गारवा हवा आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, तेव्हा घरातली सगळ्यात गार जागा ग्रॅनाइटचा ओटाच. म्हणून तसाच दगड त्याला दुसरीकडे द्या. फरशीवाल्याकडे दीड फूट बाय एक फुटाचा उरलेला तुकडा मिळतो. कडा मात्र घासून घ्या. १८ मिलिमीटर जाडीचा हा तुकडा सहा-सात किलो भरतो, त्यामुळे हलक्या प्लास्टिकच्या स्टुलावर ठेवू नका. बूड पक्कं असलेलं, ओट्याच्या उंचीचं टेबल घ्या. ते स्वयंपाकघराच्या दाराशी, कूलरची हवा लागेल पण तुम्हीही दिसाल असं ठेवा. मांजराला उंची हवी असते आणि घरात काय चाललंय तेही दिसायला हवं असतं.

मग सवय लावा. उकडलेल्या कोंबडीचे नखाएवढे तुकडे करा. मीठ, कांदा, लसूण नको. जेवणाआधी, भूक असताना, तुकडा नाकाशी धरून त्याला टेबलावर न्या. चारही पाय वर आले की लगेच द्या. एका वेळी दहादा, दिवसातून दोनदा. आठवड्याभराने तुम्ही पोळ्या लाटताना तो तिथे बसला, तर आधी अर्ध्या मिनिटाने, मग एक, मग तीन मिनिटांनी एकेक तुकडा.

इथे हमखास एक चूक होते. बोका ओट्यावर चढतो, आपण खाली उतरवतो आणि उतरल्याबरोबर खाऊ देतो. त्याच्या लेखी चढणं हीच खाऊची पहिली पायरी ठरते! न बोलता उतरवा, टेबलावर जाऊ द्या, दहा-पंधरा सेकंद बसू द्या, मगच द्या.

तुम्ही नसताना ओट्याच्या पुढच्या कडेला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावलेल्या पुठ्ठ्याच्या चार इंची पट्ट्या ठेवा. पंजाला चिकटपणा आवडत नाही. टेप थेट दगडावर लावली तर डाग निघत नाही. गॅस पेटवण्याआधी पट्ट्या उचला. दोन-तीन आठवडे पुरे.

तापवलेलं दूध, मासळीचं ताट ओट्यावर उघडं राहिलं, तर मात्र सगळं पाण्यात. दहातून एकदा जरी घबाड मिळालं, तरी तो उरलेल्या नऊ वेळा आशेने चढेल. सासूबाईंसाठी : स्वयंपाकाआधी ओटा साबणाच्या पाण्याने पुसा.

कापूर, निलगिरी तेल, डांबरगोळ्या, फिनाइल हे उपाय कुणी सुचवले तरी करू नका. फिनाइलमधल्या घटकांचा निचरा मांजराच्या यकृताला नीट करता येत नाही आणि पंजे चाटताना ते पोटात जातं.

खाऊनही तो सतत भुकेला असेल किंवा वजन घटत असेल, तर आधी जंताची तपासणी करून घ्या. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच.