वडिलांच्या अंडकोषाची गाठ काढली, रिपोर्टमध्ये लिम्फोमा आला. रक्तपेशींचा कॅन्सर तिथे कसा? आणि गाठ निघाली तर किमो कशाला?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. वडिलांचं वय तुम्ही ६८ लिहिलंय. या वयाच्या माणसाचा अंडकोष तपासायला आला की माझ्या मनात पहिलं नाव लिम्फोमाचं येतं. तरुणपणी तिथे जननपेशींच्या गाठी होतात, साठीनंतर मात्र लिम्फोमाच जास्त. एरवी तो दुर्मीळ; नॉन-हॉजकिन या लिम्फोमाच्या मोठ्या गटातल्या शंभर रुग्णांत एखाद-दुसरा.

लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी अंगभर फिरतात, त्यामुळे त्यांचा कॅन्सर गाठीच्या रूपात कुठेही उगवू शकतो. नमुना कापला की आत करडा-पांढरा, मऊ, माशाच्या मांसासारखा गोळा दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू तयार करणाऱ्या नलिका बऱ्याचदा जागच्या जागी असतात आणि मधल्या फटींत मोठ्या, गडद पेशी खच्चून भरलेल्या. सेमिनोमा ही जननपेशींची गाठही कधीकधी तशीच दिसून फसवते, म्हणून सीडी२० वगैरे मार्कर, म्हणजे पेशीची जात ओळखायच्या खुणा, लावून बघावे लागतात. रिपोर्टला उशीर होतो तो बहुधा यामुळे. घाई झालेली मला कळते, पण औषध त्यावरच ठरतं. क्वचित प्लाझ्मा या दुसऱ्या रक्तपेशींची गाठ किंवा मायलॉइड सारकोमा (ल्युकेमियाच्या जातीच्या पेशींची गाठ) निघतो; मग उपचारच वेगळे.

आता किमोचं. अंडकोष आणि मेंदू, दोन्हींभोवती निसर्गाने असा पडदा दिलाय की रक्तातलं औषध आत सहज शिरत नाही. हा लिम्फोमा उलटतो तोही बऱ्याचदा तिथेच: मेंदूत, नाहीतर दुसऱ्या अंडकोषात, कधी कित्येक वर्षांनी. म्हणून नुसती गाठ काढून भागत नाही. साधारणपणे आर-चॉप नावाची, अनेक औषधं एकत्र असलेली किमो, मेंदूच्या बचावासाठी मेथोट्रेक्सेट हे औषध (बहुतेकदा पाठीच्या मणक्यातून सुई देऊन) आणि दुसऱ्या अंडकोषाला रेडिएशन, ज्याला रुग्ण 'लाइट' म्हणतात. चांगल्या असलेल्या बाजूला लाइट कशाला, असं वडील विचारतील. त्यांना हा पडदा समजावून सांगा. किमोआधी हृदयाची टूडी-एको आणि हिपॅटायटिस बी तपासली का, हेही डॉक्टरांना विचारा.

'पाणी भरलंय' म्हणत त्यांनी वर्षभर सूज अंगावर काढली, असं तुम्ही लिहिलंय. दुखत नाही म्हणून कितीतरी जण असंच करतात. त्यांना बोलू नका. पण पुढे कधी डोकं सतत दुखलं, बोलणं अडखळलं, चालताना तोल गेला, तर वयामुळे असेल म्हणून घरी थांबू नका. त्याच आठवड्यात ऑन्कॉलॉजिस्टकडे (कॅन्सरच्या डॉक्टरांकडे) न्या.