वाचकांचे प्रश्न : संपलेले सेशन आणि हरवलेला मजकूर

प्रश्न : आमच्या वेब ॲप्लिकेशनमध्ये एक लांबलचक फॉर्म आहे. वापरकर्ते तो अर्धा-पाऊण तास भरत बसतात आणि शेवटी ‘जतन करा’ दाबले की थेट लॉगिनचे पान समोर येते. लिहिलेले सगळे जाते. सेशनची, म्हणजे लॉगिननंतर सर्व्हर वापरकर्त्याला ओळखत राहतो त्या काळाची, मुदत २० मिनिटांची आहे. ती ८ तास करावी असे मला वाटते, परंतु सुरक्षिततेचे काम पाहणारे सहकारी त्याला तयार नाहीत. कोणाचे म्हणणे बरोबर?

उत्तर : सेशन संपणे आणि लिहिलेला मजकूर जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वापरकर्ता वैतागतो तो दुसरीमुळे. पुन्हा पासवर्ड टाकायला सहसा कोणी फार कुरकुरत नाही. पाऊण तासाचे काम पुन्हा करायला लावले, तर मात्र त्याचा आपल्या ॲप्लिकेशनवरचा विश्वास उडतो. मुदत ८ तास केल्याने ही अडचण जात नाही, ती फक्त क्वचित येऊ लागते. सेशन स्मृतीत ठेवणारा सर्व्हर मध्येच रीस्टार्ट झाला, तरी मजकूर जाणारच आहे. शिवाय उघडाच राहिलेला संगणक दुसऱ्याच्या हाती पडण्याची जोखीम दिवसभर डोक्यावर राहते. त्यामुळे मुदत वाढवू नये, हे सहकाऱ्यांचे म्हणणे मला पटते. मात्र तेवढे सांगून त्यांनी हात झटकू नयेत.

मुळात २० मिनिटे हा आकडा कोणी ठरवला, ते एकदा तपासून पाहा. पुष्कळदा तो कोणीच ठरवलेला नसतो, ॲप्लिकेशन ज्यावर बांधले त्या तयार साधनाबरोबर (फ्रेमवर्क, सर्व्हर किंवा भाषेबरोबर) आलेला असतो. एएसपी डॉट नेटची मूळ मुदत २० मिनिटे, टॉमकॅटची ३० मिनिटे, पीएचपीची १,४४० सेकंद म्हणजे २४ मिनिटे, तर जँगोची चक्क दोन आठवडे. आपल्या कामातील जोखमीशी यांपैकी एकाही आकड्याला देणेघेणे नाही. अमेरिकेतील एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत मधल्या सुरक्षा-पातळीसाठी निष्क्रियतेची मर्यादा ३० मिनिटे आणि सर्वांत वरच्या पातळीसाठी १५ मिनिटे दिली होती. दोन्ही पातळ्यांवर, वापरकर्ता सतत काम करत असला तरी, १२ तासांनी पुन्हा ओळख पटवून घेण्यास सांगितले होते. निष्क्रियतेची आणि एकूण अशा दोन मर्यादा वेगवेगळ्या ठेवण्याची ही पद्धत आपणही उचलावी.

आता आपल्या फॉर्मकडे वळू. सर्व्हरला वापरकर्त्याची बोटे दिसत नाहीत, त्याला फक्त विनंत्या दिसतात. एखादा माणूस २५ मिनिटे एकाग्रतेने टंकन करत असला, तरी त्या काळात एकही विनंती गेली नसेल तर सर्व्हरच्या लेखी तो निष्क्रियच असतो. म्हणून मजकुरात खरोखर बदल होत असताना दर एक-दोन मिनिटांनी त्याचा मसुदा सर्व्हरवर आपोआप जतन करावा. त्याने कामही सुरक्षित राहते आणि सेशनही जिवंत राहते. याच्या उलट चूक म्हणजे नव्या सूचना आल्या का हे पाहण्यासाठी दर ३० सेकंदांनी पाठवली जाणारी विनंती. तिलाही हालचाल मानले गेले, तर माणूस घरी गेला तरी सेशन संपत नाही. कोणत्या विनंतीने मुदत वाढावी आणि कोणत्या विनंतीने वाढू नये, हे सर्व्हरवर स्पष्टपणे ठरवलेले असले पाहिजे.

एवढे करूनही कधी ना कधी सेशन संपलेले असताना ‘जतन करा’ दाबले जाईलच. त्या क्षणी काय होते ते ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये (तिथे प्रत्येक विनंती आणि तिचे उत्तर दिसते) बघण्यासारखे असते. पानावरचा कोड फेच या ब्राउझरमधील सोयीद्वारे, पान न बदलता, मजकूर पाठवतो, सर्व्हर ३०२ या उत्तराने लॉगिनच्या पानाकडे वळवतो, ब्राउझर निमूटपणे तिकडे जातो आणि कोडच्या हाती २०० हे यशाचे उत्तर पडते. आत मात्र लॉगिनच्या पानाचे एचटीएमएल असते. कोडने केवळ २०० पाहून ‘जतन झाले’ असा संदेश दाखवला, तर त्यासारखी फसवणूक नाही. म्हणून अशा विनंत्यांना सर्व्हरने वळवू नये, सरळ ४०१ (‘आधी ओळख पटवा’ असे उत्तर) द्यावे. ४०१ आल्यावर पान न सोडता त्यावरच लॉगिनची चौकट उघडावी, लॉगिन झाल्यावर नवे सीएसआरएफ टोकन, म्हणजे विनंती आपल्याच पानावरून आल्याची खूण, घ्यावे (जुने बहुधा सेशनबरोबरच गेलेले असते) आणि अडलेली विनंती पुन्हा पाठवावी. मात्र त्याआधी लॉगिन करणारी व्यक्ती तीच आहे ना, हे तपासलेच पाहिजे; नाहीतर एकाचा मजकूर दुसऱ्याच्या नावावर जमा होईल. मसुदा ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे त्याच संगणकावर, ठेवण्याचा मोह होतो, परंतु संगणक सामायिक असेल आणि माहिती खासगी असेल, तर तो टाळावा.

प्रश्न : ‘दोन मिनिटांत सेशन संपेल’ अशी सूचना आम्ही देतो. पण लॅपटॉप मिटून उघडला की ती चुकीच्या वेळी येते, आणि दोन टॅब उघडे असतील तर एकात काम चालू असताना दुसरा टॅब वापरकर्त्याला लॉगिनमधून बाहेर काढतो.

उत्तर : आपण बहुधा टायमरवर विसंबला आहात. संगणक झोपलेला असताना टायमर चालत नाही, आणि मागे पडलेल्या टॅबमधील टायमर ब्राउझर मुद्दाम मंद करतात. क्रोमच्या ८८व्या आवृत्तीपासून काही परिस्थितींत तो मिनिटातून एकदाच तपासला जातो. म्हणून सेशन संपण्याची वेळ नोंदवून ठेवावी आणि टॅब पुन्हा समोर येताच घड्याळाशी ताडून पाहावी. वापरकर्त्याचे घड्याळ चुकीचे असू शकते, त्यामुळे सर्व्हरने अमुक वाजता असे न सांगता किती सेकंद उरले ते सांगावे. टॅबांनी ही वेळ ब्रॉडकास्ट चॅनेल या ब्राउझरमधील संदेशवाहिनीवरून एकमेकांना कळवावी. बाहेर काढण्यापूर्वी सर्व्हरला एकदा विचारावे, आणि त्या विचारण्याने मुदत वाढणार नाही याची काळजी घ्यावी.

सूचनेबाबत डब्ल्यूसीएजी या, संकेतस्थळे अपंगांनाही वापरता यावीत यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या २.२.१ या निकषात दिलेल्या पर्यायांपैकी एक आपल्या उपयोगाचा आहे : मुदत संपण्याआधी सूचना द्यावी, एखादी कळ दाबण्यासारख्या सोप्या कृतीने ती वाढवायला किमान २० सेकंद द्यावेत आणि अशी वाढ किमान दहा वेळा मिळावी. आपली दोन मिनिटे त्यात सहज बसतात. उलटी मोजणी मात्र स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या साधनाला) दर सेकंदाला वाचायला लावू नका. ऐकणाऱ्याला त्यात दुसरे काहीच ऐकू येत नाही.

प्रश्न : पीएचपीमध्ये सेशनची मुदत एक तास केली आहे, तरीही काही जण २४ मिनिटांतच बाहेर पडतात.

उत्तर : त्याच सर्व्हरवर दुसरे एखादे ॲप्लिकेशन आहे का, आणि दोघांच्या सेशन-फाइली एकाच फोल्डरमध्ये जातात का, ते पाहा. तसे असेल, तर ज्याची मुदत कमी, त्याची साफसफाई आपल्याही फाइली पुसते. फोल्डर वेगळे केले की हे थांबेल. मात्र ही साफसफाई मूळ मांडणीत योगायोगावर चालते, त्यामुळे मुदत उलटलेले सेशन रेंगाळतही राहू शकते. शेवटच्या हालचालीची वेळ सेशनमध्येच लिहावी आणि प्रत्येक विनंतीच्या सुरुवातीला आपल्या कोडनेच ती तपासावी.