सोलापूरहून एका दिवसात होईल असं, डोंगरावरचं, खेड्यातलं देवीचं ठाणं कोणतं?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुम्ही मूळच्या संगमेश्वरकडच्या, मिस्टरांच्या बदलीमुळे सोलापुरात आलात. तुळजापूरचं दर्शन झालं, पण सासूबाईंचं मन रांगेत काही रमलं नाही. त्यांना आपल्या गावच्यासारखी डोंगरावरची, गावाने सांभाळलेली देवी बघायची आहे. मी सोलापूरचीच, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे: येरमाळ्याची येडेश्वरी. आमच्याकडे बायका तिला येडाईच म्हणतात, आणि तुळजाभवानीची बहीण मानतात. त्यामुळे थोरलीचं दर्शन झाल्यावर हिच्याकडे जाणं रीतीलाही धरून आहे.

येरमाळा धाराशिव जिल्ह्यात, कळंब तालुक्यात येतं. सोलापूरहून तुळजापूर ४५ किलोमीटर, पुढे धाराशिव, येडशी आणि मग येरमाळा, असं सगळं मिळून शंभराच्या आसपास. बीड, छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या एसट्या याच रस्त्याने जातात. गाडी स्वतःची असेल तर सकाळी सहाला निघा. का ते पुढे सांगते.

आधी एक गोष्ट सासूबाईंच्या कानावर घाला: कोकणातला डोंगर डोळ्यांपुढे ठेवून येऊ नका म्हणावं. हा बालाघाट आहे. ठेंगणा, माथ्यावर सपाट, बराचसा उघडाबोडका. देवराई नाही, ओलावा नाही. पण हीच रांग पाणी वाटून देते. तिच्या उत्तरेचं पाणी मांजरेतून गोदावरीला जातं, दक्षिणेचं सीनेतून भीमेला. देवळापाशी उभं राहून खाली बघितलं की दूरवर काळी रानं दिसतात, आणि पौष-माघात गेलात तर त्यांत उभी ज्वारी. मला तरी हा देखावा हिरव्या डोंगराइतकाच देखणा वाटतो. इथल्या माणसांनी देवीकडे पिढ्यान्‌पिढ्या काय मागितलं असेल, ते तिथे न सांगता कळतं.

आता खरं सांगायचं ते चुनखडीचं. येडाईची मोठी यात्रा चैत्री पौर्णिमेला भरते. लाखो माणसं येतात. पौर्णिमेनंतर देवीची पालखी डोंगरावरून खाली उतरते आणि गावाजवळच्या आमराईतल्या देवळात मुक्कामाला जाते. तुमच्याकडे शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे गावच्या चौथऱ्यावर येते, घरोघर फिरते, त्यामुळे देवीनेच लोकांकडे यायचं हे सासूबाईंना नवीन नाही. पण मधे जे घडतं ते मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. वाटेत एक रान लागतं, त्याला चुन्याचं रान म्हणतात. तिथे जमलेला जो तो खाली वाकतो आणि मातीतून चुनखडीचे पांढरे खडे वेचतो. म्हातारी माणसं, डोक्यावर परडी घेतलेल्या बाया, कडेवर लेकरू असलेला बाप, सगळेच. वेचलेले खडे एका ठिकाणी टाकतात, त्याचा ढीग होतो, आणि तो चुना देवीच्या देवळाच्या रंगरंगोटीला लागतो.

हे खडे हातात घेऊन बघण्यासारखे असतात. सुपारीएवढे, काही आवळ्याएवढे, ओबडधोबड, बोटांना पांढरी पूड लागते. एवढे लोक दरवर्षी वेचतात तरी खडे संपत नाहीत, ही आईची कृपा असं आमच्याकडे म्हणतात, आणि मीही म्हणते. मातीचा गुणही तसाच आहे. कमी पावसाच्या काळ्या रानात चुना पाण्यात विरघळून थोडा खाली मुरतो, ऊन पाणी शोषून घेतं आणि चुना गाठी धरून मागे राहतो. तुमच्या जांभ्या मातीत असे खडे सापडणार नाहीत, कारण तिकडचा पाऊस चुना पार धुऊन नेतो. म्हणून तर कोकणात शिंपल्यांचा चुना भाजायचे. आमच्याकडे सिमेंट येण्याआधी वाडे, विहिरी, देवळं या भाजलेल्या चुनखडीवरच उभी राहिली. त्यामुळे मला ही यात्रा फार मोठी वाटते. नोटांची पावती फाडणारा आणि मोकळ्या हाताने आलेला, दोघांनाही देवीच्या घरासाठी एकच काम आहे: वाकायचं आणि खडा उचलायचा.

मात्र सासूबाईंना घेऊन यात्रेच्या दिवसांत जाऊ नका. चैत्र म्हणजे आमच्याकडे चाळिशीपार गेलेलं ऊन, त्यात ती गर्दी. श्रावणी पौर्णिमेलाही यात्रा असते, तो दिवसही टाळा, आणि नवरात्रही. बघायचीच तर चुन्याची यात्रा तुम्ही दोघं एखाद्या वर्षी वेगळी बघा. सासूबाईंसाठी मार्गशीर्ष ते माघातला कुठलाही साधा वार धरा. मंगळवार-शुक्रवार देवीचे, त्या दिवशी माणसं जरा जास्त असतात.

वर जायला पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर पायथ्याच्या ओटीच्या दुकानात आधी विचारा की गाडी कुठवर जाऊ देतात. सहाला निघा म्हटलं ते यासाठीच: नऊ-साडेनऊपर्यंत दर्शन झालं तर दगड तापलेला नसतो. उशीर झाला तर अनवाणी पायांचे हाल होतात. जाड मोजे पिशवीत टाका, त्यात काही कमीपणा नाही. ओटीसाठी खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी घरूनच न्या. साडी नेसवायची असेल तर पुजाऱ्यांना आधी सांगा.

देवळाच्या आवारात, पायऱ्यांवर तुम्हाला आराधी भेटतील. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर मळवट, मांडीवर वेताची परडी, जवळ तेलात भिजवलेला पोत, म्हणजे कापडाचा पीळ दिलेली मशाल. हे लोक देवीच्या नावाने जोगवा मागतात, आणि तो परडीत वाढायचा असतो, हातात नाही. पीठ-मीठ, चिमूटभर धान्य किंवा जमतील ते पैसे. वाढलंत की आराधी तुमच्या कपाळाला कुंकू लावतील, तेव्हा थोडं वाकून ते लावून घ्या. त्यांच्या शेजारी दहा मिनिटं बसलात तर देवीची गाणी ऐकायला मिळतील. सासूबाईंना जे हवंय ते तिथेच आहे, गाभाऱ्यात क्षणभर मिळतं त्याच्यापेक्षा जास्त. एक मात्र हात जोडून सांगते: कुणाच्या अंगात आलं तर मोबाईल बाहेर काढू नका. हल्ली हे फार दिसतं आणि जीव तुटतो. ती बाई त्या वेळी तिच्या देवीशी आहे, तुमच्या कॅमेऱ्यासाठी नाही.

परतताना येडशीला थांबून रामलिंग करा. सुमारे २२ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे, आणि दरीत पायऱ्या उतरून महादेवाचं देऊळ. बालाघाटात झाडी बघायची तर ती इथे. सीतेला सोडवताना जखमी झालेला जटायू इथे पडला आणि रामाची त्याची भेट इथेच झाली, असं सांगतात. पुढे रामाची परीक्षा बघायला पार्वती सीतेचं रूप घेऊन आली, ती येरमाळ्याची येडाई. आणि तुळजापूरच्या घाटशिळेवर उभं राहून देवीने रामाला लंकेची वाट दाखवली. म्हणजे तुमचा दिवसभराचा रस्ता एकाच कथेवरून जातो. गाडीत सासूबाईंना ही कथा सांगत न्या, किंवा त्यांच्याकडून ऐका, त्यांना ती वेगळ्या रूपात ठाऊक असेल. रामलिंगला माकडं भरपूर आहेत. देवीचा प्रसाद आणि केळी गाडीतच ठेवा, हातात पिशवी दिसली की ती गेलीच.

जेवणाची सोय महामार्गावर होते, पण माझं ऐकाल तर ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही बांधून न्या. वयस्कर माणसाच्या पोटाला हेच बरं.

मार्गशीर्षाच्या आधीची तारीख काढलीत तर कोजागिरी तेवढी बघून घ्या. त्या रात्री निम्मं सोलापूर पायी तुळजापूरला निघतं. सोलापुरातल्या रूपाभवानीच्या देवळापासून उळे, तामलवाडी, माळुंब्रा ही गावं करत सकाळी घाट चढतात, कर्नाटकातूनही माणसं चालत येतात, शिवलाड समाजाच्या मानाच्या काठ्याही तेव्हाच जातात. चालणाऱ्यांसाठी हा रस्ता गाड्यांना बंद करतात. त्या दोन-तीन दिवसांत निघायची वेळ आलीच तर बार्शीवरून जा. अंतर जवळपास तेवढंच पडतं.