सगळे म्हणतात आनंदी राहा, आणि मला काहीच वाटत नाही

"मॅडम, मी अशी उदास असते त्याचा बाळावर परिणाम होणार नाही ना?" गरोदर मुली हा प्रश्न मला सतत विचारतात, आणि बहुतेक वेळा त्याच्या मागे दुसरं काहीतरी असतं जे बोलायची हिंमत होत नाही. म्हणून ही एक केस लिहितेय. तिला विचारून लिहितेय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

वारज्याला राहणारी, पहिलंच बाळ, 26 वा आठवडा. नवरा हिंजवडीला, सकाळी आठला निघाला की रात्री नऊशिवाय घरी नाही. सासूबाई प्रेमळ, अगदी मनापासून करणाऱ्या, रोज सकाळी मोबाईलवर गर्भसंस्काराचे श्लोक लावून द्यायच्या, हातात दूध द्यायच्या, आणि दिवसातून दहा वेळा म्हणायच्या की तू आनंदी राहिलीस तर बाळ आनंदी. नेमकं तेच वाक्य तिला बोचत होतं.

तिने मला डोहाळजेवणाचा फोटो दाखवला, हिरवी साडी, फुलांचे दागिने, मस्त हसतेय. म्हणाली, "हे हसू मी सकाळपासून धरून ठेवलं होतं. मी वाटी उचलली, खाली पेढा निघाला, सगळ्या ओरडल्या, आणि माझ्या मनात एवढंच की या आता घरी कधी जातील." मग म्हणाली की रडू आलं असतं तरी बरं झालं असतं, पण तेही येत नाही, पुढचं काही दिसतच नाही, बाळासाठी दुपटी घ्यायला लक्ष्मी रोडला गेले आणि दुकानाच्या पायरीवरूनच परत फिरले.

हे किती दिवस चाललंय विचारलं तर दीड महिना! घरात कुणालाच वेगळं वाटलं नव्हतं, कारण झोप न लागणं, थकवा, जेवण नकोसं होणं हे सगळं गरोदरपणात होतंच, असं म्हणून सोडून दिलं जातं. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस, बहुतेक सगळा वेळ मन उदास किंवा रिकामं आणि कशातच गोडी नाही, असं असेल तर ते डोहाळे नाहीत, डिप्रेशन असू शकतं आणि ते तपासून घ्यायचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जगात 100 गरोदर बायकांमधल्या साधारण 10 जणींना मानसिक आजाराचा त्रास होतो, त्यात डिप्रेशन सगळ्यात जास्त, आणि आपल्यासारख्या देशांत हे प्रमाण आणखी वर, 15 च्या पुढे आहे.

मी तिला डिप्रेशनची शक्यता तपासणारी एडिंबरा प्रश्नावली दिली. 1987 सालची, 10 प्रश्नांची, मुळात बाळंतपणानंतरसाठी बनवलेली पण गरोदरपणातही वापरतात, गेल्या 7 दिवसांत कसं वाटलं ते विचारते. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे तिचं पेन थांबलं आणि मग तिने "कधी कधी" वर खूण केली. मी कागद बाजूला ठेवला आणि सरळ विचारलं, मरून जावं असं वाटतं का? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सकाळी जाग आलीच नाही तर बरं, असं वाटतं. पण हे बोलले तर सगळे म्हणतील ही कसली आई."

असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार घुसत नाही. असलेला विचार बाहेर येतो आणि माणूस जरा मोकळा होतो. घरच्यांनीही विचारावं, न घाबरता.

त्याच दिवशी तिच्या परवानगीने नवऱ्याला आत बोलावलं. पुढचे काही दिवस तिला एकटं ठेवायचं नाही हे पहिलं ठरवलं, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दोघांच्या फोनमध्ये सेव्ह करायला लावला, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. तिच्या स्त्रीरोग डॉक्टरांशी बोलले, त्यांनी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड लगेच तपासलं, कारण हे दोन्ही बिघडले तरी माणूस असाच गळून जातो. थायरॉईड ठीक होतं, हिमोग्लोबिन 9 च्या आसपास, म्हणजे गरोदरपणात 11 हवं त्याहून बरंच कमी. त्याची ट्रीटमेंट सुरू झाली, आणि मानसोपचारतज्ज्ञांनी बाळाचा विचार करून औषधही दिलं. गरोदरपणात देता येतील अशी डिप्रेशनची औषधं आहेत, फक्त ती स्वतःच्या मनाने सुरू करायची नाहीत आणि आधीपासून चालू असतील तर घाबरून एकदम बंदही करायची नाहीत.

आणि बाळाच्या प्रश्नाचं उत्तर मी तिला खरं तेच दिलं. चार दिवस रडलीस म्हणून बाळाचं काही बिघडत नाही. डिप्रेशन महिनोन्महिने तसंच राहिलं तर मात्र बाळ लवकर जन्मणं, वजन कमी भरणं याचा धोका वाढतो, म्हणून तर उपचार घ्यायचे. डायबेटिस झाला म्हणून तुला कुणी दोष दिला असता का?

सासूबाईंना मी एकच विनंती केली, आनंदी राहा म्हणणं थांबवा, त्याऐवजी संध्याकाळी तिच्यासोबत कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत चालून या, बोलली तर ऐका, नाही बोलली तरी चालेल. त्यांना थोडं लागलं, पण दुसऱ्या दिवसापासून गेल्या. नवऱ्याने आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागून घेतलं.

लगेच काही फरक पडला नाही. औषधाला काही आठवडे लागतात, आणि तिसऱ्या आठवड्यात तर ती सेशनला यायलाच तयार नव्हती, नवरा कसाबसा घेऊन आला. पण पाचव्या की सहाव्या वेळी आली ती चिडूनच, दोन रिक्षावाल्यांनी नाही म्हटलं, तिसऱ्याने जास्त पैसे मागितले, दहा मिनिटं तेच चाललं होतं. मला इतकं बरं वाटलं! दीड महिना जिला कशाचंच काही वाटत नव्हतं तिला पन्नास रुपयांचा राग येत होता. जाताना सहज म्हणाली की येत्या रविवारी दुपटी आणायला जायचंय, आई येणार आहे साताऱ्याहून.

बाळ आता तीन महिन्यांचं आहे. औषध अजून चालू आहे, बाळंतपणानंतर त्रास परत उफाळू शकतो म्हणून सहाव्या आठवड्यात तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतली. दहाव्या प्रश्नापुढे तिने "कधीच नाही" वर खूण केली, आणि पुढची अपॉइंटमेंट सकाळची नको म्हणाली, सकाळी दोघंही झोपलेले असतात.